राखीव नंबर आणि बीजीपी फिल्टर: नव्याने राउटिंगमध्ये येणाऱ्यांसाठी

नेटवर्क ऑपरेशन्समध्ये कुणी नवीन आलं, की मी त्याला आधी चालू फिल्टर वाचायला बसवतो. बीजीपी म्हणजे नेटवर्कं एकमेकांना पत्त्यांपर्यंतच्या वाटा, म्हणजे रूट, सांगतात तो प्रोटोकॉल; त्यातले कोणते रूट घ्यायचे आणि कोणते टाकायचे ते फिल्टर ठरवतो. प्रत्येक ओळ तिथे का आहे हे सांगता आलं पाहिजे, एवढीच अट.

एएस नंबर ही बीजीपीत नेटवर्कची ओळख, आणि रूट ज्या नेटवर्कांमधून आला त्यांच्या नंबरांची रांग म्हणजे पाथ. राखीव एएस नंबरांची यादी पाठ होण्याइतकी लहान आहे. 0 पाथमध्ये येताच कामा नये. 23456 हा फक्त 16 बिटांचे नंबर कळणाऱ्या जुन्या राउटरसाठीचा बदली नंबर. 64496 ते 64511 आणि 65536 ते 65551 हे गट माहितीपुस्तिकांतल्या उदाहरणांसाठी. 64512 ते 65534 आणि 4200000000 ते 4294967294 खासगी वापरासाठी. 65535 आणि 4294967295 राखीव.

रोजच्या कामात गाठ पडते ती खासगी गटाशी. ग्राहक 65001 सारख्या नंबरवर अपस्ट्रीमशी (त्याला इंटरनेट पुरवणाऱ्या नेटवर्कशी) बीजीपी चालवतो आणि अपस्ट्रीमने तो काढूनच रूट पुढे पाठवायचा असतो. काढायचा राहिला, तर ज्या नेटवर्कच्या आत 65001 वापरात आहे तिथला राउटर लूप (रूट फिरून आपल्याकडेच परत आला) समजून तो रूट टाकून देतो. असा नंबर पाथच्या मध्येही सापडतो, त्यामुळे नुसता ओरिजिन, म्हणजे रूट जिथून निघाला तो नंबर, तपासून भागत नाही. अख्खा पाथ तपासा.

रेजेक्स, म्हणजे पाथशी जुळवायचा मजकुराचा नमुना, लिहिताना फार जपा. नुसतं 64512 लिहिलंत तर 264512 सुद्धा अडकतो, आणि तो लॅटिन अमेरिकेच्या नंबर वाटणाऱ्या रजिस्ट्रीकडे गेलेल्या गटातला आहे. _64512_ असं दोन्ही बाजूंनी बांधा. राउटर आकड्यांची रेंज घेत असेल तर रेजेक्सच्या वाटेला जाऊच नका.

आयपी प्रीफिक्सच्या (पत्त्यांच्या गटाच्या) बाबतीत मी एक भेद कटाक्षाने पाळायला लावतो. 10.0.0.0/8, 127.0.0.0/8, 192.168.0.0/16, 100.64.0.0/10 हे विशेष वापरासाठी बाजूला काढलेले. ते फिल्टरमध्ये हाताने लिहून ठेवायला हरकत नाही. पण ‘अजून कुणाला दिलेला नाही’ एवढ्याच कारणावर अडवलेला पत्ता उद्या कुणाचा तरी होतो. 2002 मध्ये 69.0.0.0/8 चं वाटप सुरू झालं, तेव्हा जुन्या फिल्टरांमुळे त्या पत्त्यांवरच्या लोकांना कित्येक ठिकाणी पोचताच येईना. त्यांची काहीच चूक नव्हती. अशी यादी आपोआप ताजी होणार असेल तरच वापरा.

नवा फिल्टर लावण्याआधी तो किती रूट पकडतो ते नुसतं मोजून बघा. त्यात आपल्याच ग्राहकाचा रूट निघाला, तर आधी त्याला फोन करा आणि त्याचा पाथ दुरुस्त झाल्यावरच फिल्टर चालू करा.