किरणोत्सव पाहून खगोलशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठी

अकरावीत असताना कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मंदिरातील गर्दीत उभा राहून किरणोत्सव पाहिला आणि मावळतीचे ऊन ९ ते ११ नोव्हेंबर व ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी याच दिवसांत मूर्तीपर्यंत का पोहोचते, हा प्रश्न घेऊन घरी आलो. दिनदर्शिकेवर दिवस मोजले, तेव्हा दोन्ही टप्पे २१ डिसेंबरपासून, म्हणजे सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो त्या दिवसापासून, ४० ते ४३ दिवसांच्या अंतरावर निघाले. दक्षिणेकडे सरकताना सूर्य क्षितिजावर जिथे मावळतो, तिथेच तो परतीच्या वाटेवर पुन्हा मावळतो. खगोलशास्त्राचा माझा पहिला धडा हाच होता.

नोव्हेंबरमध्येच खगोलशास्त्राची राष्ट्रीय प्रमाण परीक्षा असते. तिच्यातून पुढच्या टप्प्याला आणि तिथून मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडचा संघ निवडणाऱ्या शिबिरापर्यंत जाता येते. मी पहिल्याच टप्प्यावर थांबलो, तरी त्या तयारीत गोलीय त्रिकोणमिती (गोलाच्या पृष्ठभागावरील त्रिकोणांचे गणित) जितकी पक्की झाली तितकी वर्गात कधीच झाली नव्हती, त्यामुळे निवडीची खात्री नसली तरी ही परीक्षा द्यावीच, असे माझे ठाम मत आहे.

पैशाच्या बाबतीत मात्र मी चुकलो. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर शिष्यवृत्ती मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांना वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत देते, आणि बारावीला आपल्या मंडळात वरच्या १ टक्क्यात असणे हा पात्रतेचा एक मार्ग आहे. तिचा अर्ज पदवीच्या पहिल्या वर्षीच करावा लागतो, हे मला दुसऱ्या वर्षी समजले. महाविद्यालयात कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. निकाल हाती येताच स्वतः चौकशी करा.

सरकारी संशोधन फार दूर असते असेही नाही. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने १९९९ मध्ये उभारलेल्या रडारने सुमारे ८० ते ९८ किलोमीटर उंचीवरचे वारे मोजले आहेत, आणि आपल्यापैकी कित्येकजण त्याच आवारातून रोज जा-ये करतात.

विज्ञानदिनाच्या सुमारास जमल्यास नारायणगावजवळच्या खोडदला जा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तिथल्या रेडिओ दुर्बिणीत ३० अँटेना आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. जवळ जाऊन वर पाहिले, तर तबकडी भरीव नसून बारीक तारांची जाळी असल्याचे दिसते. रेडिओ लहरींची लांबी त्या जाळीच्या छिद्रांपेक्षा कितीतरी मोठी असल्याने लहरी परावर्तित होतात, वारा मात्र आरपार जातो आणि सांगाडा हलका ठेवता येतो. त्या दिवशी आसपासच्या शाळांतील मुले आपापले प्रयोग मांडून बसलेली असतात, त्यांच्याशीही बोला.