चाकणच्या गेटपासून बिलापर्यंत: कंपन्यांसाठी फोटो काढणाऱ्यांना काय काय सांभाळावं लागतं

लग्नाच्या कामात हात बसला की बरेच जण कंपन्यांच्या असाइनमेंटकडे वळतात. चाकण, रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी इथल्या कारखान्यांना वार्षिक अहवालासाठी, वेबसाइटसाठी, एखाद्या नव्या उत्पादन लाइनच्या माहितीपत्रकासाठी फोटो सतत लागतात. फोटो चांगला यायला हवा हे इथे गृहीतच धरलेलं असतं. पैसे मिळतात ते ठरल्या वेळी, कंपनीच्या सुरक्षा विभागापासून जाहिरात विभागापर्यंत सगळ्यांना चालतील असे फोटो हातात देण्याचे.

पहिला घोळ फोनवरच होतो. ‘प्लांटचे थोडे फोटो हवेत’ असं समोरून येतं आणि नवखा लगेच दिवसाचा दर सांगून मोकळा होतो. दर सांगण्याआधी विचारायचं ते असं: फोटो कुठे वापरणार, अंतिम किती हवेत, आडवे की उभे, मंजुरी कोण देणार, शेवटची तारीख कोणती. अहवालाच्या मुखपृष्ठाला उभा फोटो लागतो आणि वर शीर्षकासाठी मोकळी जागा लागते. हे आधी कळलं नाही तर दिवसभराच्या आडव्या फोटोंतून मुखपृष्ठ निघत नाही. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि सर्वसाधारण सभा साधारणपणे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्यामुळे अहवालांची कामं मार्च ते जूनमध्ये एकदम येतात. त्या काळात तारखा देताना रेकीचा, म्हणजे शूटआधी जागा बघून येण्याचा, दिवस वेगळा धरा.

रेकी टाळू नका, अर्ध्या दिवसाचे पैसे लावून करा. कोणती लाइन कोणत्या पाळीत चालते, छतावरून ऊन कधी आत येतं, प्लग पॉइंट कुठे आहेत, पिवळ्या पट्टीबाहेर ट्रायपॉडला जागा आहे का, हे तिथेच कळतं. पाळी बदलताना आणि जेवणाच्या सुटीत लाइनवर माणूस नसतो, ती वेळ रिकाम्या यंत्रांच्या फोटोंसाठी राखून ठेवा.

गेटवर वेळ जातो तो सामानाच्या नोंदीत. प्रत्येक कॅमेरा बॉडी, लेन्स, फ्लॅश आणि लॅपटॉपची सिरियल नंबरसह यादी दोन प्रतींत छापून न्या आणि एकीवर सिक्युरिटीचा शिक्का घ्या. आत जाताना नोंद झाली नसेल तर संध्याकाळी तुमचीच लेन्स बाहेर काढायला तास जातो. सेफ्टी शूज स्वतःचे ठेवा, पाहुण्यांसाठीच्या बुटांत तुमच्या मापाचा जोड सापडेलच असं नाही. केमिकल प्लांटचा मामला आणखी वेगळा. जिथे ज्वलनशील वाफ असू शकते तिथे साधा कॅमेराही ठिणगीचं साधन मानला जातो. तिथे परमिट आणि गॅसची तपासणी झाल्याशिवाय बॅटरीवरची कुठलीही वस्तू न्यायची नाही, फ्लॅश तर नाहीच. परमिट ठरावीक वेळेपुरतंच असतं, म्हणून तिथले शॉट यादीत सगळ्यात वर ठेवा.

आता प्रत्यक्ष काम. एक बॉडी बिघडली म्हणून शूट पुढे ढकलता येत नाही, तेव्हा दोन बॉडी हव्यातच. दोन्हींत दोन कार्डं आणि दोन्ही कार्डांवर एकाच वेळी नोंद. सकाळी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवा, नाहीतर वेळेनुसार फोटो लावताना सगळा क्रम विस्कटतो. एकीवर २४-७० मिमी, दुसरीवर ७०-२०० मिमी लेन्स लावून ठेवली की फाउंड्रीसारख्या धुळीच्या जागी लेन्स बदलावी लागत नाही. मशीन शॉपमध्ये कूलंटचा, म्हणजे यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, बारीक फवारा हवेत असतो, तिथे लेन्सवर साधा फिल्टर हवा. एसी ऑफिसमधून दमट शेडमध्ये, विशेषतः पावसाळ्यात, कॅमेरा थेट बाहेर काढला तर काच धुकट होते. बंद पिशवीतच वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं तर प्रकाश सारखा येतो. १/५०० वर गेलात की पट्टे दिसतात, किंवा एका फोटोत रंग एक आणि पुढच्यात दुसरा. जुने सोडियम दिवे असतील तर त्यांचा पिवळेपणा नंतर पूर्ण निघत नाही. एकतर तिथे फ्लॅशचा प्रकाश वरचढ ठेवा, नाहीतर फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावून दोन्हींचा रंग जवळ आणा आणि मग कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) बदला. लाइनच्या मोठ्या फोटोसाठी ट्रायपॉड, एफ ८ अ‍ॅपर्चर आणि लांब एक्स्पोजर ठीक, पण जवळ पॉवर प्रेस असेल तर प्रत्येक ठोक्याला जमीन हलते. दोन ठोक्यांच्या मधे क्लिक करा. वेल्डिंगच्या ठिणग्यांच्या रेषा हव्या असतील तर १/१५ ते १/३० पुरे. वेल्डिंगच्या प्रखर आर्ककडे ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून कधीच बघू नका, स्क्रीनवर बघा.

तरीही फोटो नापास होतात ते बहुधा प्रकाशामुळे नाही. एका कामगाराच्या हेल्मेटचा पट्टा सुटलेला, दुसऱ्याच्या डोळ्यांवर गॉगल नाही, मागे अग्निशामकापुढे खोकं ठेवलेलं, एवढ्यावर सुरक्षा विभाग फोटो अडवतो आणि ते बरोबरच असतं. मागच्या फळ्यावर उत्पादनाचे आकडे, क्रेटवर दुसऱ्या ग्राहकाचं नाव, बाजारात न आलेला पार्ट, संगणकाचा चालू स्क्रीन, हेही तसंच. म्हणून सुरक्षा विभागाचा एक माणूस शूटभर सोबत मागा आणि फ्रेम लागली की आधी त्याला दाखवा. एक मशीन पुसून-आवरून फोटोजोगं करायला फोटोपेक्षा जास्त वेळ लागतो, दिवसाच्या यादीत तो धरा. आठ तासांत तीस ठिकाणं करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, विशेषतः ते तुम्ही स्वतः असाल तर!

साहेबांचं पोर्ट्रेट ही वेगळीच घाई. ‘दहा मिनिटं’ म्हणजे हातात चार. तासभर आधी दिवे लावून, त्याच उंचीच्या कुणाला तरी बसवून तपासून ठेवा. चष्म्यावर चमक येत असेल तर दिवा वर न्या, चेहऱ्याची दिशा सगळ्यात शेवटी बदला.

घरी आल्यावर निवडीआधी बॅकअप: दोन ड्राइव्हवर, शिवाय एक प्रत घराबाहेर किंवा क्लाउडवर. फोटो स्वीकारल्याचा मेल येईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. सहाशे फोटो पाठवणं ही उदारता नव्हे, ग्राहकावर टाकलेलं काम आहे. चाळीस-पन्नास निवडा आणि माणसांची नावं, हुद्दे, विभाग कॅप्शनमध्ये लिहून द्या.

हक्कांचा मुद्दा कोटेशनमध्येच मिटवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक तो काम देणाराच. हक्क स्वतःकडे ठेवून वापराची परवानगी द्यायची असेल तर तसं लिहा आणि काम सुरू होण्याआधी त्यावर त्यांची सही घ्या. हक्कच सोपवत असाल आणि कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच.

पर्चेस ऑर्डर हाती आल्याशिवाय गेटच्या आत जाऊ नका. तोंडी होकारावर केलेलं काम अकाउंट्स विभागाच्या लेखी झालेलंच नसतं. व्हेंडर नोंदणीसाठी पॅन, रद्द केलेला चेक, असेल तर जीएसटी क्रमांक आणि उद्यम प्रमाणपत्र तयार ठेवा. उद्यम नोंदणी फुकट आहे आणि ती असली की लहान उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा, २००६ तुमच्या बाजूने उभा राहतो: लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. ते व्याज मागायची वेळ सहसा येत नाही, बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की पुष्कळदा तेवढंच पुरतं. टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापायचा आयकर, कुणी ठेकेदाराचा १ टक्का कापतं, कुणी व्यावसायिक सेवेचा १० टक्के. कोणता कापणार हे बिल देतानाच विचारा आणि रिटर्न भरण्याआधी तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते तपासा.