बुजऱ्या मांजरांची जोडी घरी आणताना

प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या पिंजऱ्यात एकमेकांना चिकटून बसलेली दोन मांजरं दिसली, की मनात येतं, यातलं धीट तेवढं नेऊ. तसं करू नका. अंगावर अंग टाकून झोपणारी, एकमेकांना चाटून साफ करणारी, एक दिसेनासं झालं की दुसरं ओरडत फिरणारी, ही जोडी असते. बुजऱ्याचा सगळा धीर दुसऱ्याच्या जिवावर असतो. न्यायची तर दोन्ही.

आणण्यापूर्वी सांभाळणाऱ्यांना विचारा: आधी कोण खातं, कशाला दचकतं, शी-शूच्या ट्रेमध्ये कोणतं लिटर (मांजरांसाठीची वाळू) घालता? नसबंदी, लसी, जंताचं औषध, एफआयव्ही आणि फेलाइन ल्युकेमिया या मांजरांच्या दोन विषाणूंची तपासणी, यांचे कागद मागून घ्या. त्यांच्या अंगाखालचं एखादं न धुतलेलं फडकंही मागा. त्याला त्यांचा वास येतो, म्हणूनच ते हवं.

खोली

पहिल्याच दिवशी अख्खं घर मोकळं सोडू नका; एक लहान, शांत खोली पुरते. खिडकीला जाळी हवी. कपाटामागच्या आणि पलंगाखालच्या हात न पोहोचणाऱ्या जागा बुजवा, पण लपायला द्यायचंच: दोन बाजूंनी तोंड असलेले पुठ्ठ्याचे खोके, म्हणजे कोंडल्यासारखं वाटत नाही. एक तरी खोका दोघं मावतील एवढा हवा. लिटरचे ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, म्हणजे 3, आणि ते अन्नपाण्यापासून लांब.

पहिला दिवस

कॅरियर, म्हणजे मांजरं आणायची पेटी, जमिनीवर ठेवा, दार उघडा आणि खोलीतून निघून जा. आत हात घालून ओढू नका, कॅरियर तिरपा करून बाहेर तर मुळीच ओतू नका.

मग रोज

ठरलेल्या वेळी अन्न घेऊन जा आणि भिंतीला टेकून खाली बसा. त्यांच्याकडे टक लावू नका. हळू आवाजात काहीतरी वाचा, काहीही चालतं. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटून उघडा. जवळ आलं तर एक बोट नाकाच्या उंचीवर धरा, हुंगू द्या.

आधी धीट येणार, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. धीट मांजराला उचलून बाहेर नेलं, की आत राहिलेलं आणखी खोल लपतं. त्यापेक्षा दोरीच्या खेळण्याने धिटाशी तिथेच खेळा. खोक्यातून दोन डोळे बघत असतात.

दोघांची नोंद वेगवेगळी

जोडीत एकाचा आजार दुसऱ्याच्या आड लपतो. वाटी चाटूनपुसून साफ झाली, यावरून कोणी खाल्लं ते कळत नाही. वाट्या दोन ठेवा, अंतरावर. बुजरं रात्रीच खात असेल तर जुना फोन कॅमेरा म्हणून लावा. एकाने 24 तास अन्नाला तोंड लावलं नाही तर पशुवैद्यांना फोन करा. काही दिवसांच्या उपासाने मांजराच्या यकृतात चरबी साचते, ते जिवावर बेतू शकतं. बोका ट्रेमध्ये कुंथतोय आणि लघवी होत नाही, तर रात्र असली तरी लगेच दवाखाना.

एकच आजारी असलं तरी दोघांना बरोबर न्या. एकटं जाऊन आलेल्या मांजराच्या अंगाला दवाखान्याचा वास असतो, आणि घरातलं जोडीदारावरच फिस्कारतं. या फेऱ्यांसाठी कॅरियर एरवीही खोलीतच उघडा ठेवावा, आत ते जुनं फडकं घालून.

दार कधी उघडायचं?

मांजरवाले अंदाज सांगतात: पहिली भीती ओसरायला 3 दिवस, रुळायला 3 आठवडे, घर आपलं वाटायला 3 महिने. बुजऱ्या जोडीला याहून जास्त लागलं तर बिघडत नाही. खूण कॅलेंडरवर नाही, बुजऱ्याच्या शेपटीत बघा: तुमच्यासमोर शेपटी उंच करून फिरू लागलं, की दार किलकिलं करा. फक्त शेजारची खोली, घर शांत असताना, दोघांना एकदमच. धीट बाहेर पडेल, बुजरं उंबऱ्यावर थांबेल. थांबू द्या, त्यांच्या खोलीचं दार मात्र लावू नका.