डीफॉल्ट कर्नलमध्ये कोणते ड्रायव्हर? या चुका टाळा

लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, बिल्ड करताना त्याच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या यादीत) बहुतेक ड्रायव्हरना तीन पर्याय असतात: वाय म्हणजे कर्नलमध्येच, एम म्हणजे मॉड्यूल (गरज पडेल तेव्हा लोड होणारी वेगळी फाइल), एन म्हणजे नको. "हे तर सगळ्यांकडे असतं" म्हणून वाय देणं ही पहिली चूक. किती जणांकडे आहे ते सोडा. रूट फाइलसिस्टम (मुख्य सिस्टम जिच्यावर असते ती) माउंट होण्याआधी, म्हणजे जोडली जाण्याआधी, तो लागतो का, ते बघा. लागत असला तरी एम चालतं, फक्त मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूट होताना आधी मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइलसिस्टममध्ये, जायला हवं.

काय राहिलं ते पॅनिकचा (बूट अडकून कर्नल थांबतो तेव्हाचा) संदेश बऱ्यापैकी सांगतो. 'अननोन-ब्लॉक(०,०)' म्हणजे कर्नलला डिस्कच सापडली नाही. एनव्हीएमई (एसएसडी), एएचसीआय (साटा), व्हर्टिओ-ब्लॉक (व्हर्च्युअल मशीन) हे डिस्कचे ड्रायव्हर तपासा. साटा डिस्कसाठी एएचसीआय घालून एसडी_मॉड (डिस्क वापरू देणारा वरचा ड्रायव्हर) विसरणं ही नेहमीची गोची. इनिटरॅमएफएस लोड झालं नाही तरी हेच शून्य दिसतात, कारण कर्नल ओळीतल्या 'रूट=' मधला फाइलसिस्टमचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) कर्नलला स्वतःला कळत नाही, पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) कळतो. कंसात (८,१) असा आकडा आला तर डिस्क सापडली आहे. एक्स्ट४ किंवा एक्सएफएस या फाइलसिस्टमचा ड्रायव्हर राहिला का बघा.

वाय-फाय, जीपीयू यांना वाय देऊ नका. ड्रायव्हर फर्मवेअर (हार्डवेअरमध्ये चढवायची फाइल) मागतो तेव्हा रूट माउंटच झालेली नसते आणि लॉगमध्ये 'एरर -२' येतो, म्हणजे फाइल नाही. एम केलं की बहुतेकदा प्रश्न मिटतो.

'मेक लोकलमॉडकॉन्फिग' (चालू मशीनवरून कॉन्फिग बनवणारी कमांड) चालवून आलेली यादी डीफॉल्ट म्हणून वाटू नका. त्या क्षणी लोड नसलेली मॉड्यूलं ते बंद करतं. वेबकॅम जोडलेला नव्हता, तर तो गेला. स्वतःच्या मशीनसाठी चालवायचं तरी आधी पेनड्राइव्ह, प्रिंटर, डॉक सगळं जोडा.

उलट, "एम आहे, पडून राहील" हाही भ्रमच. साध्या युजरने सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) उघडला तरी काही प्रोटोकॉलची मॉड्यूलं आपोआप लोड होतात. २०१७ साली डीसीसीपी या क्वचित वापरल्या जाणाऱ्या नेटवर्क प्रोटोकॉलमधली सुरक्षा त्रुटी त्यामुळेच महागात पडणारी होती. फेडोरा हे लिनक्स वितरण क्वचित लागणारी मॉड्यूलं 'कर्नल-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' या वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवतं, ते पटण्यासारखं आहे.

वाय दिलेल्या ड्रायव्हरवर मॉडप्रोब.डी (मॉड्यूलांच्या सेटिंगचं फोल्डर) मधली ब्लॅकलिस्ट, म्हणजे लोड करू नका अशी यादी, चालत नाही, तिथले ऑप्शनही लागू होत नाहीत. पॅरामीटर बूटलोडरच्या कर्नल ओळीत, मॉड्यूलचं नाव, टिंब आणि पॅरामीटर असे द्यावे लागतात. युजरला बंद करावासा वाटेल असा ड्रायव्हर म्हणूनच एम ठेवा.