मालदीवच्या ‘ऑल-इन्क्लुझिव्ह’ सहलीत वरखर्चाचा हिशोब कसा मांडावा

घरच्यांसाठी आणि मैत्रिणींसाठी मिळून मालदीवच्या सात सहली मी आजवर आखल्या. प्रत्येक वेळी कुणीतरी सांगतंच, ‘‘ऑल-इन्क्लुझिव्ह घे, एकदा पैसे भरले की पाकिटाला हात लावायला नको.’’ हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यापायी लोकांचे पैसे जातात. ऑल-इन्क्लुझिव्ह ही एक यादी असते. यादीत आहे ते मिळतं, नाही ते खोलीच्या खात्यावर चढतं. एका बेटावर एकच रिसॉर्ट असल्यामुळे ‘पलीकडच्या दुकानात बघू’ हा मार्गच नसतो. म्हणून हिशोब घरी बसून, बुकिंगच्या आधी करायचा.

एका वहीत तीन रकाने आखा: आधीच भरलेलं, नक्की लागणारं, आणि मनात आलं तर.

तिकीट पहिल्या रकान्यात. १ डिसेंबर २०२४ पासून मालदीवहून निघताना परदेशी प्रवाशाला इकॉनॉमी वर्गात ५० डॉलर निर्गमन कर आणि ५० डॉलर विमानतळ विकास शुल्क लागतं. दोन्ही तिकिटातच येतात, वेगळे काढून ठेवू नका. व्हिसा पोचल्यावर मिळतो, ३० दिवसांचा, मोफत. इमुगाचा, म्हणजे मालदीव सरकारचा ऑनलाइन प्रवासी-माहितीचा फॉर्म प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा, तोही मोफत. त्याचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही, लगेच बंद करा.

विमानतळापासून बेटापर्यंतचा प्रवास पॅकेजमध्ये आहे का, हे लेखी विचारा. सी-प्लेन असेल तर जाऊन-येऊन माणशी चारशे-पाचशे डॉलर सहज होतात. सी-प्लेन फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान दुपार टळून गेल्यावर उतरणार असेल तर ती रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर काढावी लागते. हॉटेल, जेवण आणि टॅक्सीचा तो खर्च पॅकेजात सहसा नसतो, दुसऱ्या रकान्यात लिहा. सी-प्लेनला सामान साधारण २० किलो आणि हातातलं ५ किलो चालतं, पुढच्या प्रत्येक किलोचे पैसे पडतात. बॅगा घरीच तोलून घ्या.

आता खरी मेख. माझी स्वतःची पहिली चूक इथेच झाली.

मालदीवच्या रिसॉर्टमध्ये बहुतेक ठिकाणी किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतात. ‘९० डॉलर प्लस प्लस’. पहिला प्लस म्हणजे १० टक्के सेवा शुल्क. दुसरा प्लस म्हणजे पर्यटन जीएसटी, १ जुलै २०२५ पासून १७ टक्के. लोक दोन्हींची बेरीज करून २७ टक्के धरतात, ते चूक आहे. जीएसटी सेवा शुल्क धरून झालेल्या रकमेवर लागतो. १०० डॉलरचे आधी ११० होतात, मग ११० वर १७ टक्के, म्हणजे १२८ डॉलर ७० सेंट. पावणेएकोणतीस टक्के धरा. मेन्यू हातात असताना मी सरळ तीस टक्के वाढवून बघते. तोंडी हिशोब सोपा होतो आणि बिल कधी त्याच्या वर जात नाही.

जुने लेख वाचून हिशोब करू नका. हा कर २०२२ संपेपर्यंत १२ टक्के होता, जानेवारी २०२३ पासून १६ झाला, मग १७. हरित कराचं, म्हणजे पर्यावरणासाठी प्रत्येक पर्यटकावर लागणाऱ्या कराचंही तसंच. रिसॉर्टमध्ये माणशी दिवसाला ६ डॉलर होता, जानेवारी २०२५ पासून १२ झाला. दोन वर्षांखालच्या बाळाला तो नाही, पण आठ वर्षांच्या मुलाला पूर्ण लागतो. चौघांचं कुटुंब, चार रात्री: १९२ डॉलर. काही पॅकेजेसमध्ये हा धरलेला असतो, काहींमध्ये ‘तिथे भरायचा’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तुमच्या पॅकेजात नसेल तर तो दुसऱ्या रकान्यात.

२०१९ मध्ये आई, नवरा, मुलगा आणि मी असे चौघे गेलो होतो. रिसॉर्टच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की पाण्यावरचं खास रेस्टॉरंट ‘समाविष्ट’ आहे, माणशी ५० डॉलरपर्यंत. त्या ‘पर्यंत’कडे मी दुर्लक्ष केलं. जेवण ३४० डॉलरचं झालं. चौघांचे २०० वजा झाले, उरलेल्या १४० वर सेवा शुल्क आणि तेव्हाचा १२ टक्के जीएसटी चढला, १७२ डॉलर ४८ सेंट. काळ्या चामड्याच्या पाकिटात बिल आलं, वर खोलीचा नंबर छापलेला होता. शून्य रकमेच्या पावतीवरही तिथे सही घेतात, तीन दिवसांत सवय झाली होती. आकडा न वाचता मी सही केली. आईला उन्हात शहाळं बरं वाटायचं. रोज दोनदा मागवू का म्हणाली तरी मी ‘घे ग आई’ म्हणायचे, पेयं मोफत आहेत ना! शहाळं यादीत नव्हतं. ९ डॉलरला एक, सहा शहाळी, करांसह साडेसहासष्ट डॉलर. वर हरित कराचे ९६. निघायच्या सकाळी, सी-प्लेनला पाऊण तास उरलेला असताना, ३३५ डॉलरचं बिल समोर आलं. तेव्हाच्या भावाने तेवीस हजारांच्या वर. भांडायलाही जागा नव्हती, कारण प्रत्येक पावतीवर माझी सही होती. आई विमानात बसेपर्यंत गप्प होती. मग एवढंच म्हणाली, ‘‘मला आधी सांगितलं असतंस तर मी पाणी प्यायले असते.’’ ते मला अजून लागतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काय मोफत आहे आणि काय नाही हे पहिल्याच दिवशी मोकळेपणी सांगा.

त्यानंतर मी बुकिंगच्या आधी रिसॉर्टला एक ईमेल पाठवते आणि उत्तर आल्याशिवाय पैसे भरत नाही. एजंटच्या फोनवरच्या ‘हो मॅडम, सगळं आहे’वर विसंबू नका. विचारायचं हे: खास रेस्टॉरंटमध्ये किती वेळा आणि माणशी किती डॉलरपर्यंत? जादा रक्कम करांसह की करांशिवाय? शहाळं, ताजा रस, कॅप्सूलची कॉफी आहे का? मिनीबार दिवसातून किती वेळा भरतात? खोलीत जेवण मागवल्यास वेगळे पैसे पडतात का? पाण्याखाली बघायचा चष्मा आणि नळी मोफत की भाड्याने? कोणत्या सहली पॅकेजमध्ये आहेत? डिसेंबरात जात असाल तर २४ आणि ३१ तारखेच्या खास जेवणाबद्दल आवर्जून विचारा. बऱ्याच रिसॉर्टमध्ये ते सक्तीचं असतं आणि त्याची माणशी रक्कम खोलीच्या भाड्याबाहेर असते. शाकाहारी असाल तर तेही याच ईमेलमध्ये लिहा. उत्तर छापून बॅगेत ठेवा. मला तो कागद दोनदा काउंटरवर दाखवावा लागला आहे आणि दोन्ही वेळा रक्कम वजा झाली.

दुसरं ठाम मत: घरात कुणी दारू घेत नसेल तर ऑल-इन्क्लुझिव्ह घेऊ नका. या पॅकेजचा मोठा भाव दारूचाच असतो. तीन वेळच्या जेवणाचं फुल बोर्ड आणि ऑल-इन्क्लुझिव्ह यांच्या भावातला माणशी-रोजचा फरक काढा. समजा तो ८० डॉलर आहे. १४ डॉलरचा रस करांसह १८ ला पडतो, दिवसाला चार ग्लास प्यायलात तरी ७२ होतात. चार ग्लास कोण पितं? दारू घेणाऱ्यांनी मात्र यादीतले ब्रँड बघून घ्यावेत. बरोबर बाटली न्यायचा विचारही करू नका. मालदीवमध्ये दारू आणायला बंदी आहे, ड्यूटी-फ्रीची बाटलीही कस्टम्स काढून घेतात.

सहली तिसऱ्या रकान्यात, पण त्यांच्यावर काटकसर करू नका. बा अटोलमधल्या (अटोल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) हनिफारू बे या उपसागरात जून ते नोव्हेंबर या काळात मांटा रे हे पंखांसारखे पर असलेले मोठे मासे जमतात. तिथे डायव्हिंगला बंदी आहे, फक्त वरून पोहत बघायचं, आणि प्रवेश शुल्क सहलीच्या भावात धरलंय का ते विचारायचं. शांत, महाकाय व्हेल शार्क बघायचा तर दक्षिण आरी अटोल, तो वर्षभर दिसतो. खास रेस्टॉरंटमधलं एक जेवण वाचवा आणि तो पैसा इथे घाला. भाव विचारताना प्लस प्लस धरूनच विचारा.

घरून न्यायच्या वस्तू: सनस्क्रीन, सॅनिटरी पॅड, नेहमीची औषधं, मुलांची बिस्किटं, चिवडा. बेटावरच्या एकुलत्या एक दुकानात यांचे भाव ऐकवत नाहीत. प्रवास विम्यात समुद्रातले खेळ धरलेत का ते वाचा.

रुफिया, म्हणजे मालदीवचं चलन, घेऊ नका, रिसॉर्टचे व्यवहार डॉलरमध्ये चालतात. टिपसाठी एक आणि पाच डॉलरच्या नोटा पुरेत. कार्डाचा हिशोब मात्र नीट करा. माझ्या कार्डावर परकी चलनाचं शुल्क साडेतीन टक्के आहे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. तुमच्या बँकेचा आकडा बघा आणि दुसऱ्या, तिसऱ्या रकान्याच्या बेरजेवर चढवा. मशीन ‘रुपयांत की डॉलरमध्ये’ असं विचारतं, तेव्हा डॉलरच. रुपये म्हटलंत की मशीनवाल्याचा भाव लागतो. चेक-इनला रिसॉर्ट कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतं. तो खर्च नाही, पण तेवढी मर्यादा मोकळी हवी आणि ती सुटायला परतल्यावर काही दिवस जातात.

पॅकेज भारतातल्या एजंटकडून घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे एजंटने आगाऊ वसूल करायचा आयकर, कापला जातो. दर बजेटमध्ये बदलत असतो, चालू वर्षाचा विचारा. तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो, म्हणून ज्याच्या पॅनवर कापला त्यानेच विवरणपत्र भरताना तो दाखवायचा. तोवर मात्र रोख तुमच्याच खिशातून जाते, पहिल्या रकान्यात लिहा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी, जेवायच्या आधी, रिसेप्शनवर जाऊन तोपर्यंतचं बिल छापून मागा. सी-प्लेनची वेळही त्याच सुमारास कळते. आपण जपून ठेवलेल्या पावत्या आणि ईमेलचा कागद समोर ठेवून एकेक ओळ जुळवा. चुकीची ओळ तेव्हाच काढून घ्या, त्या वेळच्या पाळीतल्या माणसाला तेवढा वेळ असतो.