शेजाऱ्याचा कुत्रा आणि मोकळ्या कोंबड्या : या चुका टाळा

शेजाऱ्याचा कुत्रा कोंबड्यांमागे लागला, पण एकही त्याच्या तोंडात सापडली नाही, की बहुतेक घरांत "वाचल्या बाई!" एवढं म्हणून विषय संपतो. सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. कुत्र्याच्या लेखी तो प्रयत्न फसलेला नसतो. पाठलागातच त्याला आनंद मिळतो, आणि पंख फडफडवत, ओरडत पळणारी कोंबडी दिसली की तो आणखी चेकाळतो. ती मजा त्याच्या लक्षात राहते आणि तो पुन्हा येतो, बहुधा त्याच वाटेने. म्हणून ज्या दिवशी पाठलाग झाला, त्याच दिवशी हल्ला झाला असं समजून कामाला लागा.

"घरचा आहे, पोटभर खातो, तो कशाला कोंबड्या मारेल?" या समजुतीनेही खूप नुकसान केलं आहे. भूक वेगळी आणि शिकारीची ओढ वेगळी. घरातल्या मुलांच्या मांडीवर लोळणारा कुत्राही थोड्या वेळात अर्धा कळप मारतो आणि एकही कोंबडी न खाता निघून जातो. एक कोंबडी निपचित पडली की त्याचं लक्ष लगेच हलणाऱ्या दुसरीकडे वळतं. जोडीला दुसरा कुत्रा असेल तर दोघांचीही भीड चेपते. त्यामुळे कुत्रा स्वभावाने कसा आहे, यावर आपल्या कोंबड्यांची सुरक्षा सोडू नका.

खात्री न करता आरोप करणे

कोंबडी नाहीशी झाली की पहिलं बोट शेजारच्या कुत्र्याकडे जातं. आधी खुणा वाचा. कोल्हा किंवा रानमांजर कोंबडी उचलून नेतं. मागे थोडी पिसं उरतात, कधी तीही नाहीत. मुंगसाचा चावा बहुतेक वेळा मानेवर किंवा डोक्यावर असतो. कुत्र्याचं काम विस्कळीत असतं. मेलेल्या कोंबड्या जागोजागी तशाच पडलेल्या, पिसं दूरवर उधळलेली, पाठीवर, मांडीवर, पंखाखाली चावे, अंगावरची पिसं लाळेने ओली. हे सगळं दिवसाढवळ्या झालेलं असेल तर संशय आणखी पक्का होतो. मातीत पंजे उमटले असतील तर नखं पाहा. कुत्र्याच्या पंजात ती दिसतात, मांजराच्या पंजात सहसा दिसत नाहीत. काहीही आवरण्याआधी फोटो काढा आणि वेळ लिहून ठेवा. हे पुरावे पुढे शेजाऱ्याशी बोलताना लागतात.

कोंबड्या आत ठेवणारी जाळी कुत्र्याला अडवेल असं मानणे

षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्यांना आवरते, जोर लावणाऱ्या कुत्र्याला नाही. तो ती दातांनी ओढतो, पंजांनी फाडतो, नाहीतर सरळ वाकवतो. कुत्र्यासाठी वेल्डमेश (जाड तारा सांध्यांवर वेल्ड केलेली) किंवा चेनलिंक (तारा एकमेकींत गुंफलेली) जाळी हवी, मजबूत खांबांवर ताणलेली, निदान पाच फूट उंच. कुत्रा मोठा आणि उड्या मारणारा असेल तर सहा फूट.

उंचीची चिंता सगळे करतात, खालच्या बाजूची फार थोडे. कुत्रा जिथे अडतो तिथेच उकरायला लागतो, म्हणजे अगदी कुंपणाच्या बुडाशी. यावर साधा आणि खात्रीचा उपाय म्हणजे दीड-दोन फूट रुंद जाळीचा पट्टा कुंपणाच्या बाहेरच्या बाजूने जमिनीवर आडवा पसरायचा, उभ्या जाळीला तारेने बांधायचा आणि वर दगड किंवा माती टाकायची. गवत उगवलं की तो दिसतही नाही. उकरणाऱ्या कुत्र्याच्या पंजाखाली जाळीच येते. दोन पावलं मागे सरकून तिथून उकरावं, हे बहुतेक कुत्र्यांना सुचत नाही. फाटकाखालची फट मात्र विसरू नका. कोंबड्यांना ती पुरत नाही म्हणून आपल्या डोळ्यांना ती लहान वाटते, पण कुत्रा अंग आखडून त्यातून येतो. तिथे लांब चपटा दगड किंवा काँक्रीटचा उंबरा बसवा.

खुराड्याच्या दाराला नुसती आडवी कडी असेल तर कुत्रा नाकाने ढकलून ती उघडू शकतो. कडीला कोयंडा आणि त्यात अडकवायला हूक, एवढं तरी हवंच.

झटका मशीन लावून निश्चिंत होणे

मोकळ्या कोंबड्यांसाठी झटका मशीनवर चालणारं विजेचं कुंपण हा माझ्या मते सर्वांत प्रभावी उपाय आहे, कारण कुत्रा कोणी शिकवल्याशिवाय त्यातून धडा घेतो. पण अर्धवट लावलेलं कुंपण नुसती शोभा ठरतं. मशीनच्या अर्थिंगचा दांडा कोरड्या जमिनीत असेल तर झटका क्षीण बसतो. तो खोल आणि ओलाव्याच्या जागी ठोका, कोरड्या दिवसांत तिथे पाणी घाला. तारेला गवत टेकलं की वीज त्यातून जमिनीत उतरते, म्हणून खालचं गवत सतत कापावं लागतं. आधीचं कुंपण असेल तर त्याच्या बाहेरच्या बाजूने जमिनीपासून 15 ते 20 सेंटीमीटरवर एक तार आणि कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर दुसरी, एवढंही पुरतं. अंगावर केस असतात. झटका खरा लागतो तो ओल्या नाकाला. विजेच्या कुंपणासाठीच्या व्होल्ट मीटरने अधूनमधून तपासा. कुंपणाच्या अगदी टोकालाही 3000 ते 4000 व्होल्ट मिळायला हवेत.

आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो. घरातल्या विजेची तार थेट कुंपणाला कधीही जोडू नका. झटका मशीन क्षणभराचा स्पंद सोडतं, म्हणून व्होल्ट जास्त असूनही तो धक्का सहसा जीवघेणा नसतो. घरच्या विजेचा प्रवाह अखंड असतो. त्याने कुत्रा मरेलच, पण शेजारचं मूल किंवा तुमच्याच घरातलं कोणी मरू शकतं.

दिवसभर मोकळं सोडणे आणि पंख कापणे

कुंपणाचं काम होईपर्यंत वेळेचा उपयोग करा. कुत्रा कधी सुटतो याचं निरीक्षण केलं तर बहुधा ठरलेली वेळ सापडते. बऱ्याच घरी तो सकाळी मोकळा होतो. कोंबड्यांची बहुतेक अंडी सकाळीच येतात. म्हणजे दुपारपर्यंत त्यांना बंदिस्त जागेत ठेवलं तर अंडी खुराड्यातच मिळतात आणि धोक्याची वेळही टळते. त्यानंतर कोणी घरी असताना सोडा.

कुंपणावरून उडतात म्हणून पंख कापलेल्या कोंबड्या कुत्र्यासमोर असहाय होतात. हलक्या जातींच्या कोंबड्यांसाठी झाडाची फांदी हाच बचाव असतो, तो काढून घेऊ नका. वजनदार ब्रॉयलरना पळणंच जमत नाही, त्यांना भक्कम कुंपणाबाहेर सोडूच नये. आवारात दाट झुडपं आणि उंच दांड्या असू द्या.

आतडी, फुटलेली अंडी, उष्टं-खरकटं उघड्यावर टाकलं तर तुम्हीच कुत्र्याला रोज आमंत्रण देता.

ऐकीव उपाय

मिरची पूड पावसाने किंवा दवाने वाहून जाते. डांबराच्या गोळ्या विषारी असतात, त्या कोंबड्यांच्या वावरात ठेवणं धोक्याचं. मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधण्याचा जुना प्रकार क्रूर आहे आणि त्यातून कुत्रा काही शिकत नाही. विषाचा तर विचारही नको. ते कोणाच्या तोंडी जाईल यावर तुमचा ताबा नसतो, आणि गुन्हेगार तुम्ही ठरता.

शेजाऱ्याशी रागाच्या भरात बोलणे

ताजं नुकसान डोळ्यांसमोर असताना भांडण लवकर पेटतं. थोडं शांत होऊन जा, फोटो बरोबर न्या, आणि मागणी स्पष्ट ठेवा. "दादा, आज सकाळी सातच्या सुमारास मोती आमच्या आवारात शिरला होता, तीन कोंबड्या गेल्या. सकाळी त्याला बांधून ठेवता येईल का? तोवर मी कुंपणाचं काम करून घेतो." आपणही काही करतोय हे कळलं की समोरचा ऐकतो. कुत्रा नर असेल तर नसबंदीने त्याचं भटकणं बरंच कमी होतं, हेही सुचवा. अनेक देशांत पाळीव कुत्र्याने केलेल्या नुकसानीची जबाबदारी मालकावर असते, पण नियम सगळीकडे सारखे नाहीत. तक्रारीची वेळ आलीच तर तारखेसह नोंदी आणि फोटो लागतील.

हल्ल्यानंतरच्या चुका

कुत्रा आणि कोंबडी यांच्या मध्ये हात घालू नका. पाण्याचा जोरदार फवारा मारा किंवा पत्र्याचा डबा बडवा. तुम्हाला चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि लगेच रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा.

मग कोंबड्या मोजा. कमी भरल्या तर मेल्याच असं धरू नका. घाबरलेल्या कोंबड्या झुडपात तासन्‌तास गप्प बसतात आणि बऱ्याचदा अंधार पडायच्या सुमारास परततात. वाचलेली प्रत्येक कोंबडी हातात घेऊन पिसं बाजूला करून तपासा, खास करून पाठ आणि पंखांखालचा भाग. दाताचं छिद्र लहान दिसतं, पण आत स्नायू चिरडलेले असतात आणि कुत्र्याच्या तोंडातले जंतू तिथे वाढतात. जखम सलाईनने धुवा आणि पशुवैद्याला दाखवा. प्रतिजैविक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हेही विचारून घ्या. जखमी कोंबडी उबदार, अंधाऱ्या, शांत जागी वेगळी ठेवा, कारण रक्त दिसलं की इतर कोंबड्या तिथेच टोचतात. माश्या बसू देऊ नका, उघड्या जखमेत अळ्या लवकर पडतात.

मेलेल्या कोंबड्या खोल पुरा, नाहीतर वासाने कुत्रा परत येईल. पुढचे काही दिवस कळप बंदच ठेवा. धसक्याने अंडी थांबतात, कधी काही आठवडेही. तेवढ्यावरून कोंबडी निकामी ठरवून काढून टाकायची घाई करू नका; नेहमीचं खाद्य आणि पाणी देत राहा.