पंचविशी ते सत्तरी: इंग्लंडात राहून जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची तर कुठल्या वयात कुठली

इंग्लंडात आलेल्या आपल्या मंडळींचं हे हमखास होतं. दोन-तीन वर्षं होतात, नोकरीचं बस्तान बसतं आणि उन्हाळ्यातल्या एखाद्या रविवारी गावच्या हिरवळीवर जुन्या गाड्या लागलेल्या दिसतात, मग त्या रात्रीपासून फोनवर जाहिराती चाळणं सुरू. भारतात हा शौक पुरवणं खरंच अवघड आहे, बाहेरून सेकंड-हँड गाडी आणायची तर साधारण नियम असा की ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, अगदी व्हिंटेज असेल तर नियम वेगळे. इथे मात्र याच देशात बनलेल्या, उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या भरपूर, पार्ट्स घरपोच आणि सरकारही जुन्या गाडीला सवलत देतं. म्हणून मला "कुठली घेऊ?" असं कोणी विचारलं की मी आधी वय विचारतो, मग घरात कोण कोण आहे आणि गाडी रात्री कुठे उभी राहणार ते.

कारण प्रत्येक वयात एक गोष्ट कमी असते. पंचविशीत पैसा कमी, पस्तिशीत वेळ, पासष्टीनंतर गुडघे आणि कंबर. जी गोष्ट आपल्याकडे कमी आहे नेमकी तीच मागणारी गाडी घ्यायची नाही, एवढं सांभाळलं तर पुढचं सगळं जमतं. पन्नाशीत तिन्ही गोष्टी बऱ्यापैकी असतात आणि म्हणूनच माणसं तिथे सगळ्यात जास्त फसतात, त्यावर खाली येतोच.

वय कुठलंही असो, आधी गंज बघायचा. या देशात पाऊस आहेच, वर हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीला खालून खातं. इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स दुसरा मिळतो, पण बॉडी सडली असेल तर वेल्डिंगचं बिल गाडीच्या किमतीच्या वर जाऊ शकतं. सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा म्हणजे वार्षिक तपासणीचा जुना इतिहास फुकट दिसतो, साधारण २००५ पासूनचा. पास-नापास बघून थांबू नका, खाली ॲडव्हायझरी म्हणजे "याकडे लक्ष ठेवा" अशा सूचना लिहिलेल्या असतात त्या वर्षावर्षाच्या लावून वाचा. एका वर्षी सिलवर म्हणजे दाराखालच्या लांब पट्टीवर थोडा गंज, पुढच्या वर्षी तोच जास्त आणि त्याच्या पुढच्या वर्षी अचानक काहीच नाही, असं असेल तर विकणाऱ्याला सरळ विचारा की मधे काम कोणी केलं आणि फोटो आहेत का. फोटो नसतील तर मी ती गाडी सोडतो.

विशी-पंचविशी

या वयात माझं उत्तर एकच असतं, माझदा एमएक्स-५, पहिली नाहीतर दुसरी पिढी. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही आली, जुन्या ब्रिटिश रोडस्टरची म्हणजे उघड्या टू-सीटरची कल्पना घेऊन जपान्यांनी केलेली गाडी. पहिल्यात १.६ लिटरचं साधारण ११५ हॉर्सपॉवरचं इंजिन, वजन टनाच्या आत, मागच्या चाकांना ड्राइव्ह आणि उघडबंद होणारे दिवे. आकडा छोटा वाटेल, पण ही गाडी रिकाम्या वळणदार रस्त्यावर पन्नास मैलांच्या स्पीडला जी मजा देते ती मोठ्या इंजिनच्या गाड्या नव्वदलाही देत नाहीत, आणि लायसन्स शाबूत राहतं.

इथेही गंजच. मागच्या चाकाच्या पुढे सिल जिथे संपतं तिथे हात फिरवून बघा, फुगलेला रंग म्हणजे आतून भोक. कारण साधं आहे, छताचं पाणी सीटच्या मागच्या दोन ड्रेनमधून खाली जातं, ते पानं-कचऱ्याने तुंबले की पाणी नको तिथे साचतं. घेतल्या दिवशी ते ड्रेन साफ करा, मऊ वायर पुरते. दुसऱ्या पिढीत पुढच्या चॅसिस रेल्सपण सडतात आणि ते वरून दिसत नाही, म्हणून गाडी रॅम्पवर चढवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. टायमिंग बेल्ट साधारण ६० हजार मैलांना बदलतात, पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा.

इन्शुरन्सचं मात्र आधी बघा, गाडी नंतर. भारतीय लायसन्सवर इथे १२ महिने चालवता येतं, पुढे इथलं लायसन्स टेस्ट देऊनच काढावं लागतं, आणि नवं लायसन्स, त्यात वय पंचविशीच्या आत, त्यात टू-सीटर, म्हणजे कोटेशन बघून घाम फुटतो. स्वस्तातली क्लासिक पॉलिसी बऱ्याच कंपन्या २५ च्या वरच्यांना आणि घरात रोजची दुसरी गाडी असणाऱ्यांनाच देतात. तेव्हा आवडलेल्या गाडीचा नंबर टाकून कोटेशन काढायचं आणि मग बघायला जायचं. लंडनच्या युलेझमध्ये म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना चार्ज लागतो त्या भागात राहत असाल तर तिथलाही चार्ज नंबर टाकून तपासा, या गाड्या अजून चाळीस वर्षांच्या झालेल्या नाहीत त्यामुळे वयाची सूट नाही.

आणि या वयात हात काळे करून घ्या. ऑइल बदलणं, ब्रेक पॅड, प्लग, एवढं तरी स्वतः. चांगले ॲक्सल स्टँड आणि टॉर्क रेंच घ्या, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही, अगदी कधीही शिरू नका.

तिशी, मुलं लहान

इथे मी थोडा कठोर बोलतो. घरात दोन वर्षांचं लेकरू असताना "प्रोजेक्ट" म्हणून सुटी केलेली गाडी, पार्ट्स खोक्यांत, असं काही घेऊ नका. शनिवार-रविवार तुमचे नसतात, आणि ती खोकी वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये पडून बायकोच्या, नवऱ्याच्या डोळ्यांत खुपत राहतात. आधीच गाडी असेल तर तिला नीट झोपवा, विकायची घाई नको. ऑनलाइन सॉर्न करून टाका, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही असं सरकारला कळवा, मग टॅक्स-इन्शुरन्सची सक्ती नाही, फक्त गाडी रस्त्यावर उभी नको, आणि चोरी-आगीपुरता साधा विमा ठेवलेला बरा. ठेवताना धुऊन पूर्ण कोरडी करा, बॅटरीला मेंटेनर लावा, टायरमध्ये हवा जरा जास्त भरा, हँडब्रेक सोडून चाकाला ठोकळे लावा आणि टाकीत ई५ म्हणजे पाच टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेलं पेट्रोल ठेवा. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१० झालंय, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते पाणी धरतं आणि जुने रबरी पाइप खातं. महाग सुपरमध्ये ई५ मिळतं. जुने पाइप इथेनॉल चालणारे टाका, पेट्रोल गळून गाडी पेटणं ही खरी घडणारी गोष्ट आहे.

मुलांना घेऊनच फिरायचंय असं असेल तर चार जणांची क्लासिक बघा. रिलायंट सिमिटार जीटीई, १९६८ ची, बॉडी फायबरग्लासची, पुढे फोर्डचं तीन लिटर व्ही६, आणि मागे खरोखर बसता येतं. प्रिन्सेस ॲननी एकामागोमाग एक अशा बऱ्याच वापरल्यात. बॉडी गंजत नाही पण खालचं चॅसिस लोखंडी आहे ते बघायलाच हवं. एमजीबी जीटीला (ब्रिटिश एमजी कंपनीच्या एमजीबीचं बंद छताचं रूप) मागे सीट आहे असं जाहिरातीत लिहितात, ती सीट पिशव्यांची आहे, मुलांची नाही. कायदा पण लक्षात घ्या, १२ वर्षं किंवा १३५ सेंटीमीटर, जे आधी होईल तोवर चाइल्ड सीट लागते, आणि मुळातच बेल्ट नसलेल्या जुन्या गाडीत तीन वर्षांखालचं मूल नेताच येत नाही. माझं मत विचाराल तर मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत या गाड्यांत नेऊच नये, धडक झाली तर त्यांच्यात वाचवणारं फार काही नाही.

चाळिशी, आणि माझी लाडकी एमजीबी

मुलं शाळेत जायला लागली, घराला गॅरेज आलं, रविवारची सकाळ परत आपली झाली की एमजीबी घ्या. १९६२ ते १९८० ॲबिंग्डनला बनली, पाच लाखांवर गाड्या, म्हणून आजही जवळजवळ प्रत्येक पार्ट नवा मिळतो, अगदी आख्खा बॉडीशेलसुद्धा नवा दाबून मिळतो. १७९८ सीसीचं साधं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, बॉनेट उघडलं की सगळं हाताला लागतं. सगळ्याच एमजीबी आता चाळीस वर्षांवरच्या, त्यामुळे जुन्या गाडीचा म्हणजे हिस्टॉरिक रोड टॅक्स शून्य (पण दरवर्षी शून्याचा टॅक्स "भरावा" लागतोच), युलेझ माफ आणि एमओटीही माफ, गेल्या ३० वर्षांत मोठे बदल केलेले नसतील तर. माफ असली तरी मी म्हणेन वर्षातून एकदा एमओटी कराच, त्रयस्थ माणूस खालून बघतो त्याची किंमत त्या फीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

बघायला जाल तेव्हा मालकाला विचारून जॅकिंग पॉइंटवर जॅक लावा आणि दाराच्या फटीकडे लक्ष ठेवा. गाडी वर जाताना फट कमी-जास्त झाली किंवा दार अडकायला लागलं तर आतली सिल गेलेली आहे, बाहेरून ती कितीही चकाचक असू दे. एमजीबीची सिल तीन थरांची असते, वरवर नवं बाहेरचं पॅनल चढवून विकणारे पुष्कळ. मग सीटमागे बॅटरीचे खोके बघा, पुढच्या विंगचा म्हणजे मडगार्डचा वरचा भाग दाबून बघा, कार्पेट उचला. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर चालत्या स्पीडला ऑइल प्रेशर ५० पीएसआयच्या वर हवं. ओव्हरड्राइव्ह म्हणजे इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर असलेलीच घ्या, नाहीतर मोटरवेवर इंजिन ओरडत राहतं आणि तुम्हीही. १९६७ पर्यंतच्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, जंप स्टार्ट करताना किंवा चार्जर लावताना हे विसरलात तर नुकसान ठरलेलं.

१९७४ च्या शेवटापासून अमेरिकेच्या नियमांसाठी काळे रबरी बंपर आले आणि गाडी उंच केली, म्हणून लोक नाक मुरडतात. त्याच कारणाने त्या स्वस्त मिळतात, आणि चांगल्या शेलची रबर बंपरवाली ही सडक्या क्रोम बंपरवालीपेक्षा शंभरदा बरी. पुढच्या सस्पेंशनच्या किंगपिनना दर तीन हजार मैलांना ग्रीस मारा, ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी बदला, आणि टायरवर नक्षी कितीही शिल्लक असली तरी बाजूचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. दहा वर्षं झाली असतील तर टायर बदलाच.

पन्नाशी, हातात पैसा

आता लहानपणी पोस्टरवर बघितलेली गाडी घेता येते. जॅग्वार ई-टाइप, नाहीतर एअर-कूल्ड पोर्शे ९११. घ्या, जरूर घ्या, पण घाईने नाही. या वयातला माणूस लिलावात दुसऱ्याच्या वर बोली मारतो आणि तपासणीचे काही शे पौंड मात्र वाचवतो. ई-टाइपचं पुढचं बॉनेट भलं मोठं एकसंध, ते नीट बसवणं म्हणजेच एक प्रकल्प, आणि इंजिन धरणाऱ्या पुढच्या नळ्यांच्या फ्रेम आतून गंजतात, रंगावरून काही कळत नाही. त्या एका मॉडेलवरच काम करणारा स्वतंत्र माणूस शोधा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. जुन्या रेकॉर्डवरून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं, त्यात मूळ रंग, इंजिन नंबर, बनल्याची तारीख असते, ती गाडीवरच्या नंबरांशी पडताळा.

९११ मध्ये मला ३.२ कॅरेरा पटते, त्यातही १९८७ पासूनची, तिला नवा जी५० गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक क्लच आला. बॉडी गॅल्व्हनाइज्ड आहे तरी अपघातात दुरुस्त झालेली असली तर ते संरक्षण गेलेलं असतं. इंजिनची लीक-डाऊन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधून हवा किती गळते त्याची तपासणी, करून घ्या. आणि वळणात घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडू नका, इंजिन मागे आहे, शेपूट बाहेर येतं. एक दिवस शिकवणीचा लावा, पन्नाशीत शिकायला काही हरकत नाही. विमा घेताना "ॲग्रीड व्हॅल्यू" म्हणजे आधीच ठरवलेली किंमत, हा शब्द पॉलिसीत आहे ना ते बघा, नाहीतर क्लेमच्या वेळी किंमत कंपनी ठरवते.

साठीच्या पुढे

आहे ती गाडी विकण्याआधी दुसरीत बसून बघा, आणि मुख्य म्हणजे उठून बघा. मिजेटमधून (एमजीचीच छोटी टू-सीटर) उतरायला जितका त्रास होतो तितका एमजीबीत होत नाही, तिचं दार रुंद आहे. माझ्या ओळखीतल्या एका काकांनी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गाडी विकायची ठरवली होती, काकूच म्हणाल्या की आधी ऑटोमॅटिक बघा. त्यांनी ट्रायम्फ स्टॅग घेतली, चार सीट, तीन लिटर व्ही८ आणि पॉवर स्टिअरिंग मुळातलं. स्टॅगचं इंजिन तापतं हे खरं, पण चांगला रेडिएटर, स्वच्छ कूलंट आणि वेळेवर बदललेल्या टायमिंग चेन असतील तर ती नीट चालते. मर्सिडीजची १९७१ ते १९८९ ची एसएल पण या वयाला उत्तम, फक्त तिचं हार्डटॉप एकट्याने उचलायचं नाही.

एमजीबी सोडवतच नसेल तर इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचं किट मिळतं, लावण्याआधी एमओटीच्या सवलतीवर परिणाम होतो का ते विचारून घ्या. रात्री चालवणं कमी करा, जुन्या गाड्यांचे दिवे पिवळे आणि मंद, त्यात मोतीबिंदू सुरू झाला असेल तर समोरच्या एलईडीने काही दिसत नाही. सत्तरीला लायसन्स संपतं, पुढे दर तीन वर्षांनी नवं करायचं, आणि आजार असेल तर डीव्हीएलएला (लायसन्स आणि गाड्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं) कळवणं बंधनकारक आहे.

याच वयात मुलांशी बोलून घ्या. त्यांना गाडी हवीये का हे स्पष्ट विचारा, नको असेल तर वाईट वाटून घेऊ नका, आणि हवी असेल तर आत्ताच पॉलिसीत नाव घालून चालवायला द्या, चोक कसा ओढायचा हे शेजारी बसूनच शिकवता येतं. सगळ्या पावत्या, वेल्डिंगचे फोटो, चाव्या आणि पार्ट्सवाल्यांचे नंबर एका फाइलमध्ये ठेवा. आणि व्ही५सीवर म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नसतं, त्यावर फक्त रजिस्टर्ड कीपर म्हणजे गाडी सांभाळणारा लिहिलेला असतो, म्हणून खरेदीची मूळ पावती त्याच फाइलमध्ये हवी आणि मृत्युपत्रात गाडी चॅसिस नंबरासकट लिहिलेली हवी.